नारिंगी जाकिटाचा इतिहास : दिसण्याची जबाबदारी कुणाची?

१/
शरयूच्या काठी, काळोख्या रात्री, पाण्यात घडा बुडवल्याचा आवाज झाला. दशरथाला वाटले, हत्ती पाणी पितो आहे. त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि आंधळ्या आईबापांचा एकुलता आधार गेला. श्रावणबाळाची ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिकारीच्या नोंदवह्यांत अशा घटनेला एक रूक्ष नाव आहे : ‘शिकार समजून माणसावर झालेला गोळीबार’. आजचा धागा या अपघातावर विसाव्या शतकात सापडलेल्या एका उपायाचा आहे. तो उपाय म्हणजे भडक नारिंगी जाकीट.

२/
अमेरिकेतील बहुतेक राज्यांत बंदुकीने हरणाची शिकार करायची, तर अंगावर झगझगीत नारिंगी रंग असणे कायद्याने बंधनकारक आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये हरणांच्या हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून किमान ५०० चौरस इंच, तर पेनसिल्व्हेनियात २५० चौरस इंच. या रंगाला तिकडे ‘ब्लेझ ऑरेंज’ किंवा ‘हंटर ऑरेंज’ म्हणतात. शिकारी म्हणजे दबा धरून बसणारा, पाचोळ्यातही पाऊल न वाजवणारा. त्यानेच जंगलातला सर्वांत भडक रंग अंगावर का चढवावा?

३/
उत्तर वरवर सोपे आहे : दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला हरीण समजू नये म्हणून. परंतु नेमका हाच रंग ठरायला अर्धे शतक लागले. त्या प्रवासात माणसाचा डोळा आहे, हरणाचा डोळा आहे, टोमॅटोच्या मालाची तपासणी करणारा एक विद्यार्थी आहे आणि शेवटी एक न सुटलेला प्रश्नही आहे. क्रमाने पाहू.

४/
आरंभ सैनिकापासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपीय सैन्ये रंगीबेरंगी गणवेशात लढत. १८४० च्या दशकाच्या अखेरीस वायव्य सरहद्दीवरच्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीसाठी हॅरी लम्सडेनने मातकट रंगाचा पोशाख आणला. ‘खाक’ म्हणजे धूळ, माती, त्यावरून ‘खाकी’. दुसऱ्या बोअर युद्धापर्यंत (१८९९–१९०२) ब्रिटिश सैन्याने रणांगणावर लाल रंग सोडून खाकी स्वीकारली होती. फ्रेंचांनी आपली लाल विजार १९१४ पर्यंत जपली आणि त्याची किंमत मोजली.

५/
सैनिक लाल रंगातून बाहेर पडत होता, त्याच सुमारास अमेरिकेतील शिकारी लाल रंगात शिरत होता. दोन्हींमागचे कारण एकच : दूरवर अचूक आणि भराभर मारा करणारी रायफल. सैनिकाला शत्रूच्या रायफलीपासून लपायचे होते. शिकाऱ्याला मात्र आपल्याच सोबत्याच्या रायफलीला दिसायचे होते.

६/
त्याची गरजही तशीच होती. हरणांचा हंगाम वर्षातील मोजक्या दिवसांचा असतो. त्या दिवसांत एकाच रानात असंख्य बंदुका उतरतात. त्यांत मुरलेले शिकारी असतात, तसे वर्षातून एकदाच बंदूक हाती घेणारे शहरी हौशीही असतात. एकट्या विस्कॉन्सिन राज्यात १९१४ साली २४ शिकारी मारले गेले आणि २६ जखमी झाले.

७/
हे घडते कसे? आपल्याकडे वेदान्तात रज्जुसर्पाचा दृष्टान्त आहे. अंधुक प्रकाशात दोरी साप भासते, कारण मनात सापाची भीती आधीच बसलेली असते. शिकाऱ्याच्या मनात भीतीऐवजी आशा असते, इतकाच फरक. पहाटेपासून थंडीत बसलेल्या माणसाला झुडपामागे काहीतरी हलताना दिसते. डोळ्याला दिसतो तो केवळ एक करडा ठिपका. शिंगे मन जोडते. न्यायालयांत अशा शिकाऱ्यांनी ‘मी हरीणच पाहिले’ असे सांगितले, तेव्हा ते सगळेच खोटे बोलत होते असे नव्हे.

८/
म्हणून उपाय असा हवा होता, जो या भ्रमाला मध्येच तोडील. नुसता उठून दिसणारा रंग पुरेसा नव्हता. ‘हा प्राणी असूच शकत नाही’ हे क्षणार्धात सांगणारा रंग हवा होता. पहिला उमेदवार अर्थातच लाल. पेनसिल्व्हेनियातील वूलरिच गिरणीच्या लाल-काळ्या चौकड्यांचे लोकरी कपडे शिकाऱ्यांची ओळखच बनले. विस्कॉन्सिनने १९४५ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी लाल कपडे सक्तीचे केले.

९/
पण लाल रंगाने दगा दिला, आणि तोही नेमका तिन्हीसांजेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते की, भर उजेडात लाल फूल हिरव्या पानांपेक्षा झळाळते, पण पहाटेच्या मंद प्रकाशात तेच फूल काळपट होते आणि पाने अधिक उजळ वाटतात. प्रकाश मंदावला की डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. लाल प्रकाशाला या दंडपेशी जवळजवळ आंधळ्या असतात.

१०/
आता हरणाचे वेळापत्रक आठवा. हरीण चरायला बाहेर पडते ते पहाटे आणि संध्याकाळी. शिकारीची ऐन वेळ तीच आणि लाल रंग काळा पडण्याची वेळही तीच. त्यात भर रंगांधतेची. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला भेद नीट कळत नाही. त्यांच्यापैकी कित्येकांना लाल कोट आणि करडे झुडूप यांत फारसा फरक दिसत नसणार. आणि बंदूक घेऊन रानात जाणारे बहुतांशी पुरुषच होते.

११/
मग पिवळा? अंधुक प्रकाशात पिवळा लालपेक्षा अधिक टिकतो. परंतु मंद उजेडात तो पांढुरका भासू शकतो, आणि अमेरिकेतील पूर्वेकडच्या जंगलांत पांढरा रंग सर्वांत घातक. तिथले प्रमुख हरीण पांढऱ्या शेपटीचे. बिचकले की ते शेपटी उभारते, आणि पळत्या हरणाची पहिली खूण म्हणून शिकाऱ्याला दिसतो तो हाच पांढरा झेंडा. खिशातून पांढरा रुमाल काढणेही तिथे धोक्याचे मानतात, ते यामुळेच.

१२/
उत्तर जंगलाबाहेरून आले. १९३३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बॉब स्विट्झर हा विद्यार्थी टोमॅटोच्या मालाची तपासणी करण्याचे काम करत असताना पडला. डोक्याला जबर मार बसला, दृष्टीवर परिणाम झाला आणि डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यायला सांगितले. त्याचा भाऊ ज्यो रसायनशास्त्र शिकत होता आणि त्याला जादूच्या प्रयोगांचा नाद होता. अंधारात चमकणाऱ्या वस्तू रंगमंचावर वापरता येतील, ही त्याची कल्पना.

१३/
दोघे भाऊ अतिनील दिवा घेऊन वडिलांच्या औषधाच्या दुकानात शिरले आणि अंधारात कोणती द्रव्ये उजळतात ते पाहू लागले. तिथून फ्लोरेसंट रंगांचा धंदा उभा राहिला. पुढे ते ओहायोतील क्लीव्हलंडला गेले. तिथे त्यांना त्याहून मोठी गोष्ट साधली : अतिनील दिव्याविना, भर दिवसाच्या उजेडात झळाळणारे रंग. हेच पुढे ‘डे-ग्लो’ नावाने जगभर गेले. अमेरिकन केमिकल सोसायटीने २०१२ मध्ये या शोधाला राष्ट्रीय ऐतिहासिक रासायनिक स्मृतिस्थळाचा मान दिला.

१४/
या रंगांची पहिली मोठी परीक्षा झाली दुसऱ्या महायुद्धात. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात मित्रसैन्याच्या तुकड्या फ्लोरेसंट कापडाचे पट्टे जमिनीवर पसरत. वरून जाणाऱ्या आपल्याच विमानाला कळावे की, खाली आपली माणसे आहेत, बाँब टाकू नका. म्हणजे शिकाऱ्याच्या अंगावर येण्यापूर्वीच हा रंग तेच काम करत होता : आपल्याच बाजूच्या माराऱ्यापासून आपल्या माणसाचे रक्षण.

१५/
हा रंग झळाळतो कसा? साधे नारिंगी कापड आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला नारिंगी भाग परत पाठवते आणि बाकीचा शोषून घेते. फ्लोरेसंट कापड त्याखेरीज अतिनील आणि निळा प्रकाशही शोषते आणि त्याचे रूपांतर नारिंगी प्रकाशात करून बाहेर टाकते. त्यामुळे ते भोवतालच्या कुठल्याही साध्या वस्तूपेक्षा उजळ भासते. आभाळ भरून आले असता किंवा सूर्य बुडाल्यावर आकाशाच्या उजेडात निळ्याचे प्रमाण वाढते, आणि लाल रंग जिथे हार खातो नेमका तिथे हा रंग तग धरतो.

१६/
१९५० च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मत्स्य व शिकार खात्याने फोर्ट डेव्हन्स या लष्करी तळावर रंगांच्या पद्धतशीर चाचण्या घेतल्या. लाल, पिवळा, नारिंगी. साधे आणि फ्लोरेसंट. कुठला रंग, किती उजेडात, कसा दिसतो? निष्कर्ष स्पष्ट होता : फ्लोरेसंट नारिंगी सर्वांत सरस. फ्रँक वूलनर या शिकारविषयक लेखकाने १९६० मध्ये ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकातून या रंगाचा पुरस्कार केला. १९६० च्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्सने त्याला कायद्याचे रूप दिले.

१७/
मग राज्यामागून राज्य या वाटेने गेले, पण सावकाश. लाल कपड्यांची सक्ती करणाऱ्या विस्कॉन्सिनने नारिंगी सक्तीचा केला तो १९८० मध्ये. कायद्याला मात्र ‘नारिंगी’ एवढे म्हणून भागत नाही. विटक्या कोटालाही कुणी नारिंगी म्हणेल. त्यामुळे अनेक राज्यांच्या नियमांत रंगाची व्याख्या भौतिकशास्त्राच्या भाषेत आली : प्रधान तरंगलांबी ५९५ ते ६०५ नॅनोमीटर, शुद्धता किमान ८५ टक्के, उजळपणा किमान ४० टक्के. एखाद्या रंगाच्या छटेची अशी मोजमापासह कायद्यात नोंद होणे, ही रंगांच्या इतिहासातली विरळा घटना.

१८/
शिकाऱ्यांचा आक्षेप साहजिक होता : मला माझा सोबती पाहील हे ठीक, पण हरीण पाहील त्याचे काय? इथे निसर्गाने माणसाला अनपेक्षित सूट दिली आहे. आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. १९९४ मध्ये जेराल्ड जेकब्स आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांवरील मोजमापांतून हे दाखवून दिले. हरणाला निळा रंग चांगला दिसतो, पण नारिंगी आणि हिरवा यांतला भेद त्याला जवळपास कळत नाही.

१९/
हे वाचून ताडोबाचा वाघ आठवावा. पिवळसर नारिंगी, काळे पट्टे. आपल्याला तो हिरव्या रानात लांबूनही उठून दिसतो आणि प्रश्न पडतो की, असा भडक प्राणी शिकार करतो तरी कशी? उत्तर तेच. वाघ ज्यांची शिकार करतो त्या खुरवाल्या प्राण्यांना तो नारिंगी दिसतच नाही. त्यांच्या लेखी तो गवताच्याच रंगाचा. वाघाला उत्क्रांतीने दिलेली सवलत अमेरिकन शिकाऱ्याने विसाव्या शतकात प्रयोगशाळेतून मिळवली.

२०/
या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे : रानटी टर्की. पक्ष्यांची रंगदृष्टी आपल्याहूनही समृद्ध, त्यामुळे टर्कीचे शिकारी नखशिखांत रानाच्या रंगाचे कपडे घालतात, वर टर्कीचाच आवाज काढतात. म्हणजे एक शिकारी लपून टर्कीसारखा ओरडतो आणि दुसरा त्या आवाजाच्या दिशेने सरकतो. दशरथाची कथा पुन्हा घडायला आणखी काय हवे? तिथे सुरक्षेचा नियम उलटा आहे. लाल, पांढरा, निळा अंगावर मुळीच नको, कारण नर टर्कीच्या डोक्यावर नेमके हेच रंग असतात.

२१/
उपाय लागू पडला का? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क राज्यातील १९८९ ते १९९५ या काळातील शिकारीतील दुखापतींचा आढावा १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे तेव्हा सक्ती नव्हती, म्हणून घालणारे आणि न घालणारे यांची तुलना करता आली. बहुसंख्य शिकारी स्वेच्छेने नारिंगी घालत होते. तरीही शिकार समजून मारल्या गेलेल्यांत बहुतेक सगळे न घालणारेच होते.

२२/
मात्र सगळे श्रेय जाकिटाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. न्यूयॉर्कने १९४९ मध्येच नवशिक्या तरुण शिकाऱ्यांना सुरक्षेचे शिक्षण बंधनकारक केले होते, आणि पुढे अशी शिक्षणे सर्वत्र पसरली. बंदूक कशी धरावी, नेमाच्या मागे काय आहे ते कसे पाहावे, हे शिकलेली पिढी आणि नारिंगी जाकीट रानात जवळपास एकदमच आले. अपघात घटण्यात दोघांचाही वाटा आहे.

२३/
सक्तीला विरोधही चिवट होता. आमच्या अंगावर काय असावे हे सरकारने का ठरवावे, हा प्रश्न अमेरिकन मनाच्या फार जवळचा. न्यूयॉर्कमध्ये सक्ती आली ती थेट २०२१ च्या अखेरीस. त्याआधी २०१६ मध्ये विस्कॉन्सिनने नारिंगीच्या जोडीला झगझगीत गुलाबी रंगालाही मान्यता दिली. माजिद सरमदी या वस्त्रशास्त्राच्या प्राध्यापकांनी गुलाबीही तितकाच दिसतो असे दाखवले होते. स्त्रियांना शिकारीकडे आकर्षित करण्यासाठी ही सवलत आहे असे म्हटले गेले, तेव्हा काही शिकारी स्त्रियांनीच ‘आम्हाला गुलाबीचे आमिष नको’ असे सुनावले.

२४/
दरम्यान हा रंग रानातून बाहेर पडला होता. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेने ग्लासगोजवळच्या विद्युतीकृत मार्गावर काम करणाऱ्या कामगारांना फ्लोरेसंट नारिंगी जाकिटे देऊन पाहिली. त्यांना ‘फायर-फ्लाय’ म्हणजे काजवा असे नाव पडले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले, त्यामुळे शिकाऱ्याचे जाकीट इथे आलेच नाही. त्याची भावंडे मात्र महामार्गावरील कामगारांच्या आणि रुळांवरील गँगमनच्या अंगावर रोज दिसतात.

२५/
आता त्या न सुटलेल्या प्रश्नाकडे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मेन राज्यातील बँगोर शहरानजीक एक तरुण आई आपल्याच घरामागे उभी असताना एका शिकाऱ्याच्या गोळीने मारली गेली. तिच्या हातांत पांढरे लोकरी मोजे होते. शिकाऱ्याला ती हरणाची शेपटी वाटली. त्यानंतर स्थानिक लोकांत जी चर्चा झाली, तीत एक सूर वारंवार उमटला : हंगाम चालू असताना तिने नारिंगी का घातले नव्हते? पांढरे मोजे घालून बाहेर पडायचेच कशाला?

२६/
हा सूर नीट ऐकावा. जाकीट जन्मले ते शिकाऱ्याला दुसऱ्या शिकाऱ्यापासून वाचवण्यासाठी, आणि त्या कामात ते यशस्वी ठरले. पण ते यशस्वी ठरले, म्हणूनच न घालणारा दोषी वाटू लागला, मग तो शिकारी नसला तरी, स्वतःच्या अंगणात असला तरी. सुरक्षेचे साधन हळूहळू कसोटी बनले : तू दिसत होतास का, याचा आधी पुरावा दे. त्या शिकाऱ्यावर मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९९० मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले.

२७/
पण मेन राज्य तिथे थांबले नाही. १९९१ मध्ये तिथे नेम धरण्यापूर्वी लक्ष्य ओळखण्याचा कायदा झाला. त्याचा आशय असा : केवळ आवाज, केवळ हालचाल किंवा केवळ रंग यांवरून लक्ष्य ठरवता येणार नाही, समोरच्याचे डोके आणि धड पुरेसे स्पष्ट दिसले पाहिजे. नारिंगी कपड्यांची सक्ती तिथे आधीपासून होतीच. नव्या कायद्याने तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजन टाकले. दिसणे ही एकाची जबाबदारी असेल, तर पाहणे ही दुसऱ्याची.

२८/
हा वाद जुना झालेला नाही. फ्रान्सने २०१९ च्या कायद्याने मोठ्या जनावरांच्या सामूहिक हाक्यात झगझगीत जाकीट सक्तीचे केले. डिसेंबर २०२० मध्ये दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये घराजवळ लाकूड तोडणारा एक तरुण रानडुक्कर समजून मारला गेला. तो शिकारी नव्हता. जाकिटाचा नियम त्याच्यासाठी नव्हताच. त्यानंतर एक लाखाहून अधिक सह्यांचे निवेदन तेथील सिनेटपुढे गेले. आठवड्यातील एक दिवस तरी रान बंदुकीविना असावे, ही मागणी मात्र सरकारने २०२३ मध्ये अमान्य केली.

२९/
नारिंगी जाकिटाने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. ते घालणे शहाणपणाचे आहे आणि न घालणे अविचाराचे. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रात्रपाळीला निघालेला कामगार, रस्त्याकडेने चालणारा वारकरी, अंधारात सायकलवरून येणारे पोर, यांपैकी कुणाला वाहनाने ठोकरले की आपणही पहिल्यांदा विचारतो, ‘त्याने काही चमकणारे घातले होते का?’ ठोकरणारा काय पाहत होता, हा प्रश्न मागाहून येतो, किंवा येतच नाही.

३०/
रामायणकारांनी हा गोंधळ केला नाही. कथेत कुणीही विचारत नाही की, श्रावण अपरात्री नदीवर का गेला, त्याने घडा आवाज न करता का भरला नाही. दशरथ स्वतःहून त्या आंधळ्या आईबापांपुढे जातो, पाणी देतो आणि बाण आपला होता हे सांगतो. शाप त्यालाच मिळतो आणि तो तो स्वीकारतो. ‘केवळ आवाजावरून लक्ष्य ठरवू नये’ हे १९९१ च्या कायद्यातील कलम त्या रात्री शरयूकाठी लागू असते, तर बाण भात्यातच राहिला असता.

धागा समाप्त. आवडल्यास पुढे पाठवावा. चुका आढळल्यास निःसंकोच दाखवाव्यात.